साथीतला शरद आणि घराचा ताळेबंद

डोंबिवली पूर्वेतील एका घरात २०२० सालची भिंतीवरची दिनदर्शिका अजून जपून ठेवलेली आहे. त्या घरातील आजींना दुधाचा हिशेब तारखेच्या चौकोनात लिहून ठेवण्याची जुनी सवय. त्या वर्षी मार्चनंतर त्या चौकोनांत दुधाखेरीज आणखीही नोंदी दिसू लागतात. गॅसचे सिलिंडर कधी लावले, कामवाल्या बाईंचा पगार त्यांच्या घरी पोहोचवला की नाही, किराणा कोणत्या दिवशी आला, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या किती उरल्या, अशा त्या नोंदी आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून तर प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा आहे. कधी ९७, कधी ९६. आजोबांच्या रक्तातील प्राणवायूचा हा आकडा.

घरात माणसे सहा. आजी-आजोबा, ऐरोलीच्या एका संगणक कंपनीत नोकरीला असलेला मुलगा, अंधेरीच्या एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहणारी सून आणि सातवीत व दुसरीत शिकणारी दोन मुले. दोन शयनगृहांच्या घरात एरवी सकाळी आठनंतर आजी-आजोबांखेरीज कोणी नसे. २२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीनंतर हे सहाही जण चोवीस तास त्या चार भिंतींत आले. मुलाचे कार्यालय जेवणाच्या टेबलावर थाटले गेले, मुलांची शाळा शयनगृहात भरू लागली आणि स्वयंपाकघराला दिवसभर सुट्टी म्हणून मिळेनाशी झाली. एरवी दीड महिना पुरणारे सिलिंडर महिन्याच्या आत संपू लागले, हे दिनदर्शिकाच सांगते.

करोनाकाळाचा इतिहास आपण सहसा रुग्णसंख्या, खाटा, टाळेबंदी आणि लस या क्रमाने सांगतो. घराच्या उंबऱ्याआत काय घडले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडायचा तर २०२० चा शरद ऋतू हा सर्वांत योग्य काळ ठरावा. साथीची पहिली लाट त्याच सुमारास शिगेला पोहोचली होती आणि मराठी घरातले बहुतेक मोठे सणही त्याच काळात आले होते. सण साधेपणाने झाले, पुरुष स्वयंपाकघरात शिरले, कुटुंबे पुन्हा एकत्र जेवू लागली, असे कौतुक तेव्हा सर्वत्र झाले. त्यात तथ्य होते. परंतु ते किती होते आणि त्यातले टिकले किती, हे पाहण्याची साधने आता उपलब्ध आहेत.

लांबलेला शरद

पंचांगानेही त्या वर्षी या काळात भर घातली. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी झाली. २ ते १७ सप्टेंबर पितृपक्ष. त्यानंतर एरवी दुसऱ्याच दिवशी घटस्थापना होते; त्या वर्षी मात्र १८ सप्टेंबरपासून अधिक आश्विन सुरू झाला आणि नवरात्र १७ ऑक्टोबरवर गेले. दसरा २५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला आले. शरदाचे दोन महिने तीन झाले.

गणेशोत्सवासाठी राज्य सरकारने जुलैमध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपेक्षा आणि घरची मूर्ती दोन फुटांपेक्षा मोठी नको, मिरवणुका नकोत, शक्यतो विसर्जन घरीच करावे, असे त्यात सांगितले होते. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच न बसवता आरोग्योत्सव साजरा केला आणि रक्तदान व प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. पुण्यात मानाच्या गणपतींचे विसर्जन मिरवणुकीविना मंडपातच झाले. कोकणात जाणाऱ्यांना गावी दहा दिवस विलगीकरणात राहण्याची अट होती. दीड दिवसाच्या गणपतीसाठी दहा दिवस पडवीत बसणे नोकरदाराला परवडणारे नव्हते, त्यामुळे असंख्य चाकरमान्यांनी त्या वर्षी गावचा रस्ता धरला नाही.

आपल्या डोंबिवलीच्या कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. गावच्या घरचा गणपती तिथल्या काकांनी एकट्याने बसवला. इकडे मुलांनी शाडूची वीतभर मूर्ती आणून पूजा केली आणि तिचे विसर्जन बादलीत झाले. आरती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकाच वेळी तीन घरांत झाली. प्रत्येक घरच्या टाळ्या अर्ध्या क्षणाने मागेपुढे येत होत्या, एवढाच काय तो विनोद. पितृपक्षात गुरुजींनी दूरध्वनीवरून मंत्र सांगितले आणि आजोबांनी खिडकीत काकबळी ठेवला. अधिक महिना म्हणजे जावयाचा धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी लेक-जावई जेवायला यायचे, वाण म्हणून अनारसे द्यायचे. त्या वर्षी तेहतीस अनारसे डब्यात भरून कुरियरने नाशिकला गेले.

या प्रत्येक प्रसंगात परंपरा मोडली नाही, तिचे रूप तेवढे बदलले, असे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दिनदर्शिकेतल्या नोंदी थोड्या बारकाईने वाचल्या तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाहुणे आले नाहीत, मिरवणूक निघाली नाही, गुरुजी आले नाहीत. अनारसे मात्र तेहतीसच झाले.

जबाबदारी कोणाची?

सप्टेंबरच्या मध्याला देशातील रोजची रुग्णसंख्या लाखाच्या उंबरठ्यावर होती. महाराष्ट्रात ती चोवीस हजारांवर गेली होती. याच वेळी, १५ सप्टेंबरपासून, राज्य सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली. आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन प्रत्येक सदस्याचे तापमान आणि प्राणवायूची पातळी तपासायची, मधुमेह व रक्तदाबासारखे आजार असलेल्यांची नोंद घ्यायची आणि संशयितांना पुढे पाठवायचे, असे तिचे स्वरूप होते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोहीम उपयुक्त होती, यात शंका नाही. रुग्ण रुग्णालयात उशिरा पोहोचणे हे मृत्यूंचे एक मोठे कारण होते आणि घरात तापमापक व ऑक्सिमीटर असणे म्हणजे काही मौल्यवान तास वाचवणे होते.

तथापि मोहिमेच्या नावातच तिचे मर्म होते. टाळेबंदीत शासनाने स्वीकारलेला भार आता कुटुंबाकडे सोपवला जात होता. कुटुंब हा शब्द व्याकरणात एकवचनी असला तरी घरात कामाची वाटणी एकवचनी नसते. आजोबांच्या बोटाला रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर कोण लावत असे? भाजी मिठाच्या पाण्यात कोण बुडवून ठेवत असे? बाहेरून आलेल्या कपड्यांची बादली वेगळी कोण करत असे? दुसरीतल्या मुलीला पडद्यासमोर बसवून, तिचा आवाज बंद आहे की चालू, हे कोण पाहत असे? डोंबिवलीच्या या घरात आकडे आजी लिहीत आणि बाकीचे सूनबाई करत. मोहिमेच्या निमित्ताने दारात उभ्या राहणाऱ्या आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका याही आपापल्या घरचे हेच सर्व आटोपून आलेल्या असत, हेही विसरता येणार नाही.

साथ आणि शुश्रूषा यांचे हे नाते जुने आहे. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमक्या याच ऋतूत, मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची सर्वांत घातक लाट आली होती. त्या साथीने देशात कोटीहून अधिक बळी घेतले. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासातले असे ते एकमेव दशक. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. अपुरा आहार आणि घरातल्या आजाऱ्यांची सेवा ही त्याची कारणे सांगितली जातात. करोनात मृतांमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक राहिले. म्हणजे या वेळी स्त्रियांनी मोजलेली किंमत मृत्यूंच्या तक्त्यात दिसत नाही. ती तासांत मोजावी लागते.

लोकलची वेळ, घराची वेळ

तासांचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसला तो रेल्वेच्या निमित्ताने. मुंबईची लोकल २३ मार्चपासून थांबली होती. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, परंतु खासगी कंपनीत काम करणाऱ्या सर्वसामान्यांना प्रवेश नव्हता. डोंबिवलीकरांसमोर मग बसच्या रांगेचा पर्याय उरला. शिळफाट्याच्या कोंडीतून मुंबई गाठायला अडीच-तीन तास लागत आणि तेवढेच परतीला.

सूनबाईंच्या कंपनीने ऑगस्टपर्यंत घरून काम करू दिले. सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात येणे सक्तीचे झाले. पहाटे उठून सहा माणसांचा स्वयंपाक, साडेसहाला बसची रांग आणि रात्री साडेनऊला घर, असा दिनक्रम सुरू झाला. परतल्यावर आधी आंघोळ आणि नंतर मुलांना जवळ घेणे. घरात मधुमेही वृद्ध, त्यामुळे त्यांच्या मनावरचा ताण निराळाच.

१६ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, राज्य सरकारने सर्व महिलांना लोकलने प्रवास करू देण्याची विनंती रेल्वेला केली. नवरात्राच्या तोंडावर आलेल्या या निर्णयाचे स्वागत झाले. रेल्वेने तयारीसाठी वेळ मागितला आणि अखेर २१ ऑक्टोबरपासून महिलांना परवानगी मिळाली. वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. गर्दी टाळण्याच्या दृष्टीने ही वेळ समजण्यासारखी होती. पण ज्यांचे कार्यालय सकाळी दहाला उघडते त्यांना तिचा उपयोग नव्हता. अकरानंतर घराबाहेर पडता येईल अशी नोकरी किती जणींची असते? सर्वसामान्य प्रवाशांना, तेही ठरावीक वेळांत, लोकल खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी.

तोपर्यंत डोंबिवलीच्या या घरातला निर्णय झाला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीला दोन आठवडे असताना, सूनबाईंनी राजीनामा दिला. नोकरी सोड, असे त्यांना कोणीही म्हटले नाही, हे त्या आवर्जून सांगतात. पतीला घरून काम करण्याची कायम सवलत मिळाली होती, त्याचा पगार अधिक होता, मुलांच्या शाळा बंद होत्या आणि बाई कामाला येत नव्हत्या. हिशेब सरळ होता. घराघरांतून असे हिशेब इतके सरळ झाले की त्यांना निर्णय म्हणण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. आजींच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी दुधाची नोंद आहे, प्राणवायूची आहे. राजीनाम्याची नाही.

वजा काय झाले?

आणि मग दिवाळी आली. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १४ नोव्हेंबरला होते. पाडवा आणि भाऊबीजही १६ तारखेला एकत्र आले. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम घेऊ नयेत, अशा सूचना होत्या. ज्या फडके रोडवर डोंबिवलीची तरुणाई दर दिवाळीत पहाटे नटूनथटून जमते, तिथे जमण्याचा तो काळ नव्हता. मार्चपासून बंद असलेली राज्यातील प्रार्थनास्थळे पाडव्याच्या दिवशी उघडली, हीच त्या दिवाळीतली मोठी सार्वजनिक घटना.

घरात मात्र फराळ नेहमीसारखाच झाला. किंबहुना अधिक झाला. एरवी चकल्या आणि अनारसे जवळच्या गृहउद्योगातून येत. त्या वर्षी बाहेरचे नको म्हणून तेही घरी केले गेले. करंज्यांच्या दिवशी दरवर्षी इमारतीतल्या चार जणी एकमेकींकडे पोळपाट-लाटणे घेऊन जात. एक लाटायची, दुसरी सारण भरायची, तिसरी कातण फिरवायची. गप्पांत दोनशे करंज्या कधी झाल्या हे कळत नसे. त्या वर्षी प्रत्येकीने आपापल्या ओट्यापाशी एकटीने करंज्या केल्या.

मराठी घरातल्या सणांची मूळ रचनाच इथे समजून घ्यावी लागते. सण म्हणजे बाईच्या कामाचा डोंगर, हे खरेच. परंतु त्या डोंगराच्या पलीकडे तिच्यासाठी थोडी सुटकाही ठेवलेली असे. मंगळागौरीचे जागरण, गौरींच्या हळदी-कुंकवाचे घरोघर जाणे, नवरात्रातला भोंडला आणि ओळखू न येणारी खिरापत, कोजागरीची गच्ची, दिवाळीचे माहेर, भाऊबीजेची ओवाळणी. या साऱ्यांत एक समान धागा आहे. त्या निमित्ताने बाई उंबरा ओलांडते, इतर बायकांत मिसळते, एखादा दिवस दुसऱ्याच्या हातचे खाते. सण तिच्याकडून श्रम घेतो आणि बदल्यात सहवास देतो, असा तो अलिखित करार होता.

साथीने या कराराची एकच बाजू रद्द केली. भोंडला झाला नाही, माहेरी जाणे झाले नाही, हळदी-कुंकू झाले नाही, कारण हे सारे गर्दीत मोडणारे होते. नैवेद्य, फराळ, साफसफाई हे गर्दीत मोडत नव्हते. म्हणून ते सर्व झाले. साधेपणाने साजऱ्या झालेल्या सणांचे आपण जे कौतुक केले त्यात हा भाग निसटला. रस्त्यावरचा सण साधा झाला. स्वयंपाकघरातला सण तेवढाच राहिला आणि एकटा पडला.

याचा अर्थ पुरुषांनी काहीच केले नाही, असा नव्हे. या घरातला मुलगा त्या काळात भाजी आणायला, भांडी घासायला आणि रविवारचा नाश्ता करायला शिकला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री शंकरपाळे त्याने तळले आणि त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या समूहावर झळकले. त्याच रात्री इतर सगळे कोणी केले त्याचे छायाचित्र अर्थातच निघाले नाही. जे नेहमीचे असते त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

आकडे काय सांगतात?

एका घरावरून समाजाचा निष्कर्ष काढू नये, हे पथ्य पाळले पाहिजे. सुदैवाने या विषयावर देशव्यापी आकडे आहेत. योगायोग असा की त्यांपैकी पहिले आकडे त्याच शरदात, सप्टेंबर २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्यांचे प्रमाण सहा वर्षांवरील स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के होते. ही कामे करणारी स्त्री त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होती, पुरुष ९७ मिनिटे. साथ येण्यापूर्वीच्या वर्षातले हे चित्र आहे.

असेच दुसरे सर्वेक्षण २०२४ मध्ये झाले आणि त्याचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. स्त्रियांची २९९ मिनिटे २८९ वर आली. पुरुषांची ९७ मिनिटे ८८ वर. म्हणजे स्त्रीचे काम दहा मिनिटांनी घटले आणि पुरुषाचे नऊ मिनिटांनी. दोघांतले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. घरातील मुले, वृद्ध व आजारी यांची देखभाल करणाऱ्यांत २०२४ मध्ये १५ ते ५९ या वयोगटातील स्त्रिया ४१ टक्के आणि पुरुष २१.४ टक्के होते. त्यांचा वेळ अनुक्रमे १४० आणि ७४ मिनिटे.

साथीच्या वर्षात स्वतंत्र सर्वेक्षण झाले नसल्याने त्या काळात पुरुषांचा वाटा तात्पुरता वाढला असणे शक्य आहे. किंबहुना आपल्या सर्वांचा अनुभव तसाच आहे. परंतु दोन सर्वेक्षणांच्या मधोमध साथ येऊन गेली आणि तिचा मागमूस या अंतरावर उरलेला नाही, एवढे निश्चित म्हणता येते. साथीने पुरुषाला स्वयंपाकघर दाखवले. तिथे त्याने मुक्काम केला नाही.

सार्वजनिक सणांचे मात्र सर्व काही परत आले. २०२२ मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सव आणि दहीहंडीवरील निर्बंध उठवले, मूर्तीच्या उंचीची मर्यादाही गेली आणि ढोल-ताशांनी दोन वर्षांची कसर भरून काढली. भोंडले पुन्हा सुरू झाले, फडके रोड पुन्हा गजबजला. डोंबिवलीच्या सूनबाईंची अंधेरीची नोकरी मात्र परत आली नाही. २०२२ पासून त्या घराजवळच्या दोन दुकानांचे हिशेब पाहतात. उत्पन्न पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे. मुले मोठी झाली, शाळा सुरू आहेत, लोकलही सुरू आहे. परंतु चाळिशीकडे झुकलेल्या आणि मध्ये दीड-दोन वर्षांची खिंड पडलेल्या हिशेबनिसाला पुन्हा त्याच जागी कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न आहे.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणार नाही, असेही कोणी म्हणत नाही. खाटा, प्राणवायू आणि लस यांच्या तयारीची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्या यादीत आणखी काही साध्या गोष्टी असायला हव्यात. शाळा बंद ठेवायच्या तर घरातल्या एका पालकाच्या नोकरीचे काय, याचे उत्तर त्याच आदेशात हवे. रेल्वेच्या वेळा ठरवताना कार्यालयांच्या वेळाही बदलाव्या लागतील. घरकामगार महिलांना इमारतीच्या दारात अडवायचे की नाही, हे प्रत्येक सोसायटीच्या समितीवर सोडून चालणार नाही. आणि कुटुंबावर जबाबदारी सोपवताना ती कुटुंबात कोणाच्या वाट्याला जाते, हे विचारण्याचे धैर्य शासनाने दाखवायला हवे.

राहिले घरापुरते. त्यासाठी कोणत्याही मार्गदर्शक सूचनांची गरज नाही. येत्या दिवाळीत करंज्यांच्या ताटाभोवती कोण कोण बसते, एवढे पाहिले तरी पुरे. डोंबिवलीच्या त्या घरात आता पुन्हा शेजारणी येतात. त्या २०२० च्या मुलीला आता करंजीची मुरड घालता येते. तिच्या भावाला अजून कोणी शिकवलेले नाही.